बोरींचं देवक

त्यांच्या तोंडून मी कधी ‘लाल’ किंवा ‘हिरवा’ हा शब्द ऐकला नाही. आभाळ भरून आलं की म्हणायचे, “आज चारशे बारा आहे, छत्री घ्या.” मी नवी साडी नेसून शाळेला निघाले की जिन्याखाली उभे राहून एक डोळा बारीक करायचे. “पदर दोनशे सहा, काठ दोनशे नऊ. दुकानदारानं ट्यूबखाली दाखवली असंल. उन्हात या जरा.” मग मला अंगणात उन्हात उभं राहावं लागे. मी एकटीच नव्हे. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळे कधी ना कधी त्या अंगणात उभे राहिलेले आहेत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडायच्या, “अहो, सोडा त्या बाईला! तिला शाळेत जायचंय, वाळत घालायचं नाहीये तिला!”

ते माझे घरमालक होते. सिल्वासात टोकरखाड्याच्या एका कॉलनीत खाली त्यांचं घर आणि वर एक खोली. त्या खोलीत मी अकरा वर्षं राहते आहे. ते खानदेशातले, शिरपूरकडचे. इथल्या एका कारखान्यात धागा रंगवायच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं शेड जुळवण्याचं काम केलं; तिथं रंगाला नाव नसतं, नंबर असतो. गिऱ्हाईक बोटभर चिंधी पाठवतं, आणि हुबेहूब त्या रंगाचा हजारो किलो धागा काढायचा असतो. यंत्रं आली तरी शेवटचा शब्द त्यांच्या डोळ्याचा होता, असं ते स्वतः सांगत. काकू सांगत की यंत्राचाच होता.

ते गेले त्याला आता सव्वा वर्ष होईल. मी हे सावकाश लिहिते आहे, कारण भरभर लिहिलं की ते थोर वाटायला लागतात. थोर वाटणं त्यांना परवडलं नसतं. त्यांच्या शर्टाला कायम एक गुंडी कमी असायची.

मी खोली बघायला आले त्या दिवशी भाडं, अनामत, पाणी याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, “देवक काय तुमचं?”

आमच्याकडे घराण्याची एक खूण असते, बहुतेक वेळा एखादं झाड. लग्नात तिची पूजा होते, आणि ज्या दोन घरांचं देवक एक, त्यांच्यात सोयरीक होत नाही. पण खोली भाड्यानं घेणाऱ्या बाईला हे कोणी विचारत नाही. मी जरा तुटकपणे म्हणाले, “त्याचा खोलीशी काय संबंध?”

“काहीच नाही. मी सगळ्यांना विचारतो.”

“कळंब,” मी म्हणाले.

“कळंब! आमच्या गल्लीत नव्हतं,” असं म्हणून त्यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं, आणि मला खोली मिळाली.

वहीचं कारण पुढे कळलं. शिरपूर, चोपडा, नंदुरबारकडची पुष्कळ मुलं इथल्या कारखान्यांत कामाला असतात. आईबाप तिकडे, मुलगा इकडे, आणि दोन्हीकडे लग्नाची घाई. ही स्थळं जुळवण्याचा त्यांना नाद होता. दर रविवारी एखादा मुलगा ओशाळवाणा होऊन ओसरीवर बसलेला असे आणि हे वही चाळत असत. “पोरगी चांगली आहे, पण देवक एक पडून राहिलं. नाही जमायचं. दुसरं पाहू.” वहीत कॉलनीतल्या सगळ्यांची नोंद होती. बिहारच्या, ओडिशाच्या शेजाऱ्यांचीही. त्यांच्या नावापुढे ‘माहीत नाही म्हणतात’ किंवा ‘हसले’ असं लिहिलेलं होतं.

त्यांच्या देवघरात देवांच्या शेजारी दोन कोन, म्हणजे धागा गुंडाळलेले निमुळते पुठ्ठे, ठेवलेले होते. दोन्ही तपकिरी, मला तरी अगदी सारखे. एकदा मी विचारलं.

“हे माझे दोन गुरू,” ते म्हणाले. “नवीन लागलो होतो. गिऱ्हाइकाची शेड आणि माझी शेड, ट्यूबखाली अशी जुळली की मीच स्वतःला शाबासकी दिली. माल गेला. गिऱ्हाइकानं उन्हात पाहिला, आणि सगळा माल परत! दोन रंग ट्यूबखाली सख्खे भाऊ दिसतात आणि उन्हात एकमेकांना ओळख देत नाहीत. का? कारण दोघांची आतली मिसळण वेगळी. वरून सारखे, आतून वेगळे. तेव्हापासून कोणतीबी गोष्ट उन्हात नेल्याशिवाय खरी मानायची नाही.”

“म्हणून मला लग्नाआधी उन्हात उभं केलं होतं,” काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. “मे महिना. माझी आई म्हणे, मुलगा वेडा आहे, पण व्यसन नाही.”

आता बोरींबद्दल लिहायला हवं. कारण कॉलनीला ते बोरींमुळेच आठवतात.

कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून दहा बोरी होत्या. कॉलनी झाली तेव्हा कुणीतरी एकाच रोपवाटिकेतून उमराण बोराची दहा कलमं आणून लावली होती. कलम म्हणजे खाली रानबोराचा खुंट आणि वर चांगल्या बोराची डोळा भरलेली फांदी. त्यातलं दहावं कलम पहिल्याच वर्षी वाळलं, पण खालचा खुंट जगला आणि त्याचंच झाड झालं. वाकडंतिकडं, काटेरी, वाटाण्याएवढ्या आंबट बोरांचं. बाकी नऊ झाडांना दर जानेवारीत अशी बोरं लागत की फांद्या भिंतीवर टेकत.

ती बोरं संक्रांतीला लागत. आमच्याकडे संक्रांतीनंतर लहान मुलाला पाटावर बसवून, हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात; ते बोरन्हाण. कॉलनीत मराठी घरं पाच-सहाच होती, पण बोरन्हाण सगळ्यांनी उचललं. बिहारी पोरांचं झालं, ओडिया जुळ्यांचं झालं. मुलांनी एकमेकांच्या डोक्यावरची बोरं वेचायची, एवढंच शास्त्र. त्यांना स्वतःला मात्र बोर चालत नसे. एक खाल्लं की आठवडाभर खोकला. “मी फक्त पाहतो,” म्हणायचे. “या वर्षी तीनशे दहा पिकली.”

पाच वर्षांपूर्वी ते आणि काकू शिरपूरला एका लग्नाला गेले होते. त्यांनीच जुळवलेलं. त्या आठवड्यात सोसायटीची बैठक झाली आणि दहावी बोर तोडायचं ठरलं. आमचे सेक्रेटरी गुजराती गृहस्थ, पत्र्याच्या पेट्यांचा छोटा धंदा, स्वभावानं सरळ. त्यांचं म्हणणं कुणालाही पटेल असंच होतं. “काटा छोकरांना लागते, स्कूटरचं टायर पंक्चर होते, बोर तो खाण्यासारखं नाय. नऊ सारी झाडं आहेत ने!” सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मी अशा बैठकीत कधी बोलत नाही. हात वर करून सुटते. त्याच सुमाराला मागचा नाला सिमेंटनं बांधला गेला, आणि नाल्याकाठी बोरांच्या आठळ्यांतून आपोआप उगवलेली मिश्र झाडंही गेली.

लग्नाहून परत आल्यावर ते बुंध्यापाशी बराच वेळ उभे राहिले. ओरडले नाहीत. कापलेल्या लाकडावर बोट ठेवून म्हणाले, “पाचशे एक. ही शेड आता कुठं पाहायची?” एवढंच. त्या झाडाचं महत्त्व तेव्हा त्यांनाही कळलेलं नव्हतं, हे त्यांनीच मला पुढे प्रामाणिकपणे सांगितलं.

कळलं ते पुढच्या वर्षी. गणपती उठले, नऊ बोरी फुलल्या. ती हिरवट पिवळी, टाचणीच्या डोक्याएवढी फुलं, तो उग्र गोडसर वास, माश्यांची भुणभुण, सगळं नेहमीसारखं. दिवाळी गेली तरी बोर नाही. जानेवारीत नऊ झाडांवर मिळून ओंजळभर बोरं नव्हती. कुणी म्हणालं कारखान्यांचा धूर, कुणी म्हणालं नाल्याचं सिमेंट, कुणी नजर लागली म्हणालं. दुसऱ्या वर्षीही तेच. मग सोसायटीत ठरू लागलं की फळ नाही तर झाडं हवीत कशाला, सगळी तोडून गाड्या लावायला जागा करू.

त्या दिवसांत ते रोज संध्याकाळी माझ्या दाराशी यायचे. “मॅडम, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात झाडांच्या लग्नाचं काही पुस्तक आहे का?” मी वनस्पतिशास्त्राची जी मिळतील ती पुस्तकं आणून दिली. पानांत खूण म्हणून शेडकार्डाचे तुकडे घालत त्यांनी ती वाचली. एका रविवारी पहाटेच जिना चढून आले.

“सापडलं! पुस्तकात आहे, पण पुस्तकवाल्यांना देवक माहीत नाही, म्हणून चार पानं लागली त्यांना. ऐका. बोरीला देवक असतं. फुलावर परागकण पडला की फूल आधी देवक विचारतं. आपलंच निघालं की दार बंद. फळ नाही.”

“पण झाडं तर नऊ आहेत.”

“कुठं नऊ? एकाच झाडाच्या नऊ फांद्या आहेत त्या! सगळी कलमं एका आईची. एक घर, एक देवक. नऊ भाऊबहिणी एकमेकांकडं पाहून राहिल्यात. आणि गावात जो एकच परका होता, त्याला आपण तोडला, नाल्याकाठच्या त्याच्या पोरांसकट.” ते पायरीवर बसले. “मॅडम, आपण नवरदेव कापला.”

मी हात वर केला होता, हे तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मी असतो तर मीपण केला असता. वाकडं होतं ते झाड.”

सोसायटीकडून त्यांनी एका हंगामाची मुदत मागून घेतली. बोरी फुलल्यावर एका सकाळी कॉलनीच्या फाटकात टेम्पो उभा राहिला. आत निळे ड्रम अर्धे कापून पाण्यानं भरलेले, आणि त्यांत फुललेल्या रानबोरीच्या काटेरी फांद्या. शेजारी इथून जवळच्या किलवणी गावचे एक गृहस्थ धुतलेला पांढरा शर्ट घालून बसलेले. हे त्यांचे कारखान्यातले जुने सोबती. त्यांच्या शेताच्या कुंपणाला रानबोरी होत्या.

“शर्ट काय नवा घातला?” काकूंनी विचारलं.

“वऱ्हाड आहे म्हणाला ना हा,” ते गृहस्थ लाजून म्हणाले. “मुलाकडचा मी.”

काकूंनी टेम्पोला ओवाळलं. दिवसभर फांद्यांच्या बादल्या नऊ झाडांच्या बेचक्यांत बांधल्या गेल्या. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. “काका, हे शू चालले?”

“लग्न! खाली या, अक्षता टाका.”

माश्या या फुलावरून त्या फुलावर जात राहिल्या. बाकी कुणाला काही करावं लागलं नाही. त्या जानेवारीत नऊ बोरी पुन्हा लगडल्या. त्याच वर्षी सेक्रेटरींच्या नातीचं पहिलं बोरन्हाण होतं. त्यांची सून नाशिकची, तिची हौस. आजोबांनी स्वतः ओटीभर बोरं नातीच्या डोक्यावर ओतली आणि मग आमच्या काकांच्या पाया पडले. यांनी पाय मागे घेतले. “माझ्या नको. किलवणीच्या पडा.”

पण सेक्रेटरी व्यवहारी माणूस. म्हणाले, “काका, झाडं नाय तोडत. पण दर वर्षी टेम्पो कोण आणणार? तमे नसाल तेव्हा? कायमचा बंदोबस्त करा. फक्त काटावालं झाड कॉलनीत नाय.”

म्हणजे बिनकाट्याचा, देखणा, पण परक्या देवकाचा नवरदेव. मला हे अशक्य वाटलं. ते मात्र खूश झाले. “असलाच पाहिजे,” म्हणाले. “चला दाखवतो.”

पंपघरामागे दोन लहान बोरी आपोआप उगवलेल्या होत्या, तीनेक वर्षांच्या. दहावी बोर आणि नाल्याकाठची मिश्र झाडं उभी होती त्या काळातल्या आठळ्यांतून आलेल्या. दोन्ही अगदी उमराणासारख्या, पान रुंद, काटा नावाला. मी म्हणाले, “ही तर आपल्या नऊंचीच भावंडं दिसतात.”

“दिसतात!” ते म्हणाले. “ओसरीवर चला.”

ओसरीवर त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, रंगाचा एक थेंब टाकला, पाणी गडद झालं. मग शर्टाची एक गुंडी तोडून पेल्यात टाकली. काकू आतून म्हणाल्या, “तोडा, तोडा! परवाच लावलीय.” त्यांनी अर्धं पाणी ओतून दिलं, पेला पुन्हा भरला. परत अर्धं ओतलं, परत भरलं. चौथ्या वेळी पाणी जवळजवळ स्वच्छ झालं.

“परक्याचा काटा, परक्याची आंबट चव, हा रंग. दर पिढीला सोयरीक कलमाशीच झाली की पिढीमागं निम्मा. फिका होत जातो. आता गुंडी कुठं आहे?”

“तळाशी.”

“हे देवक. ते फिकं होत नाही. का? कारण आपल्या नऊ बोरी दारावर बसून फक्त गुंडीवाल्यालाच आत घेतात. त्यांच्या पोटी जे पोर जन्मलं, ते परक्याचं देवक घेऊनच जन्मलं. त्याचं पोर पुन्हा त्यांच्याकडं आलं, तरी तेच. चार पिढ्यांनी झाड दिसायला अगदी घरचं, पण खिशात परक्याची गुंडी. बाकी सगळं हरवतं, ओळख तेवढी टिकते. आणि जितकं दुर्मीळ देवक, तितकी घराघरातून बोलावणी.” गुंडी बाहेर काढून पुसत म्हणाले, “शिवाय झाडं माणसापेक्षा बरी. आईचं देवकबी ठेवतात, बापाचंबी.”

“मग या दोन्ही चालतील.”

“नाही सांगता येत. आठळी नऊ बोरींची असंल तर चालंल. पण नाल्याकाठच्या मिश्र झाडाची असली, आणि बाप आपलं कलम असला, तर गुंडी आईकडंच राहून गेली असं होऊ शकतं. मग ते पोर नऊंच्याच घरचं. वरून कळायचं नाही. मीपण पानं उन्हात धरून पाहिली. एकच शेड.” हे सांगताना त्यांना फार आनंद झालेला होता. आपल्या डोळ्यालाही न सापडणारी गोष्ट त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदाच भेटली होती.

त्या वर्षी त्या दोन झाडांना पहिलीच फुलं आली, मूठ-मूठभर. त्यांनी किलवणीला निरोप धाडला की या खेपेला वऱ्हाड नको. “नाहीतर पोर कोणाचं ते कळायचं नाही.” कॉलनी कुरकुरली, एक वर्ष बोरं जाणार म्हणून. ते हसत राहिले. त्यांच्या खिडकीसमोरच्या कलमाच्या वीस फांद्यांवर त्यांनी माश्या शिरू नयेत म्हणून जुन्या मलमलीच्या पिशव्या चढवल्या. मग रोज सकाळी स्टुलावर उभे राहून, डोळ्याला भिंग लावून, दात कोरायच्या काडीनं एकेका फुलाला पंपघरामागचे परागकण लावायचे. दहा फांद्यांना एका झाडाचे, दहांना दुसऱ्याचे. येणारेजाणारे विचारत, “काका, काय चाललंय?” हे मान न वळवता सांगत, “पाहणं.”

प्रत्येक फांदीला त्यांनी धागा बांधला, आणि ज्या झाडाचे परागकण लावले, पंपघरामागच्या त्या झाडाच्या बुंध्यालाही तोच धागा. फुलं गळाल्यावर पिशव्या काढल्या. दिवाळी झाली. पाडव्याला त्यांनी काकूंना नवी साडी आणली आणि अंगणात उभं करून पाहिली. आठवड्यानं दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या दिवशी शर्टाच्या सगळ्या गुंड्या जागेवर होत्या. काकूंनी तेवढंच बोलून दाखवलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी सेक्रेटरी मला न्यायला आले. पंपघराशेजारी पाण्याची नवी टाकी बांधायची होती. दोन झाडांपैकी एकच राहू शकत होतं. खड्डा खणणारे दुसऱ्या दिवशी येणार होते.

“मेडम, कोणतं ठेवायचं?” ते म्हणाले. “एकदा माझ्या हातून झालंय. आ वखते भूल नाय करायची.”

सोसायटीच्या ऑफिसात, त्या बिनखिडकीच्या खोलीत, ट्यूब चालू होती. काकू आल्या होत्या, आणखी सात-आठ जण. वॉचमननं बोरीच्या त्या वीस फांद्यांवरचे धागे कापून आणले होते. बोरं धरलेल्या फांद्यांचे एका ताटलीत, रिकाम्या फांद्यांचे दुसरीत. दहा आणि दहा. बुंध्यांचे दोन धागेही आणले होते, एकेका कागदाच्या पुडीत, ‘डावं झाड’, ‘उजवं झाड’ असं लिहून. आता फक्त रंग जुळवायचे होते.

सेक्रेटरींनी डाव्या झाडाचा धागा टेबलावर ठेवला, शेजारी उजव्याचा. मग ताटल्यांतले ठेवले. सगळे धागे तपकिरी होते. सगळे एकच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आ शू? काकांनी दोन्हीला एकच दोरा बांधला?”

“वय झालं होतं,” कुणीतरी म्हणालं.

“म्हणजे कायच समजणार नाय. मग दोन्ही काढू, टाकी मोठी करू,” दुसरं कुणी म्हणालं. तिसऱ्यानं नऊ झाडांचाही विषय काढला. बोरं यंदा नाहीतच, गाड्यांना जागा हवीच आहे. दोन-तीन हात वर जायला लागले.

मी टेबलावरच्या धाग्यांकडे बघत होते. झाडाखालच्या हिरवट सावलीतही ते मला नेहमी सारखेच वाटले होते, आणि मी त्यावर कधी विचार केला नव्हता. मग मला देवघरातला फळीचा कोपरा आठवला. मी काकूंना हळूच विचारलं, “ते दोन कोन कुठे आहेत?”

“फळीवरच. पण थोडे उलगडलेत,” काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

इतक्या वर्षांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. “हात खाली घ्या. सगळे बाहेर या.”

“बाहेर? कशाला, मेडम?”

“उन्हात.”

बाहेर अकराचं ऊन होतं. मी ताटल्या आणि पुड्या घेऊन अंगणाच्या मधोमध आले आणि धागे तळहातावर ठेवले. एक क्षण मला काहीच दिसलं नाही. मग जसं चुलीवर ठेवलेलं दूध हलायला लागतं, तसे ते रंग हलले. एक विटेकडे गेला, एक शेवाळाकडे. ते कधी सारखे होते यावर आता कुणाचा विश्वास बसला नसता. दोघांनी एकमेकांना ओळखसुद्धा दिली नाही.

बोरं धरलेल्या फांद्यांच्या ताटलीतले दहाही धागे विटकरी होते. रिकाम्या ताटलीत एकही विटकरी नव्हता. सेक्रेटरींनी स्वतः पुड्या उघडल्या, दोनदा उलटसुलट करून बघितल्या.

“डावं,” ते म्हणाले. “डावं झाड ठेवायचं.” मग, आवाज खाली आणून, “पण काकांनी असा दोरा का घेतला? सीधा लाल आन पिवळा बांधायचा ने!”

कॉलनीतली पंधरा-वीस माणसं कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून, एका धाग्याच्या तुकड्याकडे बघत अंगणात उभी होती. दूधवालाही सायकल टेकवून येऊन उभा राहिला होता. काकूंनी पदर डोक्यावर ओढला, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि त्या हसू लागल्या.

“बघा,” त्या म्हणाल्या. “गेले तरी उन्हात उभं केलंच.”